कपाळाच्या त्वचेचे नाक

भारतातील अनेक भाषांत नाक कापले जाणे म्हणजे अब्रू जाणे होय. हा केवळ अलंकार नव्हता. कैद्याचे किंवा गुन्हेगाराचे नाक छाटण्याची शिक्षा या देशात दीर्घकाळ दिली जात असे, आणि नाक गमावलेल्या माणसाला चारचौघांत वावरणे कठीण होई. नवे नाक करण्याची विद्या येथे लवकर पुढे गेली यात म्हणूनच नवल नाही. सुश्रुतसंहितेत पानाच्या मापाने गालाची त्वचा उचलून ती नाकावर बसविण्याचा विधी आहे.

युरोपला मात्र या विद्येचा तपशीलवार परिचय झाला तो लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकातील एका पत्रामुळे. इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी हा १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आले. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्यांच्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. या माणसाचे नाव पत्रात नाही. ज्या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली त्यांची नावे मात्र आहेत!

कृती अशी होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून त्याला नाकाचा आकार देत. तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवीत व त्याभोवती रेघ आखीत. रेघेवरून कापून त्वचा सोडवीत. परंतु दोन डोळ्यांच्या मध्ये तिचा एक अरुंद देठ तसाच जोडलेला ठेवीत. खुंटावरचा जुना व्रण खरवडून काढीत, नाकपुड्यांच्या कडेने व वरच्या ओठालगत चीर पाडीत, आणि कपाळाची त्वचा देठावर अर्धी फिरवून खाली आणून तिची कड त्या चिरेत बसवीत. टाके नसत. पाण्यात भिजविलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवून सांधा धरीत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेली वस्त्रे लावीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ तोडीत.

येथे वाचकाने देठाकडे लक्ष द्यावे. शरीरापासून पूर्णपणे सुटलेला त्वचेचा जाड तुकडा रक्तावाचून मरतो. नव्या जागी रक्तवाहिन्यांचा सांधा जुळेपर्यंत त्याला जुन्या जागेवरून रक्त मिळत राहिले पाहिजे. पुण्याच्या त्या कारागिराला हे अनुभवाने ठाऊक होते. पण इतका अरुंद देठ कसा पुरतो, याचे उत्तर मिळायला पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे लागली.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने प्रथम मृतदेहांवर सराव केला, १८१४ मध्ये ही शस्त्रक्रिया जिवंत रुग्णावर केली व १८१६ मध्ये आपल्या दोन यशस्वी शस्त्रक्रियांचा वृत्तान्त पुस्तकरूपाने छापला. घराण्यात हाताहाती चालत आलेली विद्या अशी छापील पानावर आली. पहिल्या महायुद्धात गोळ्यांनी व तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी चेहरे उद्ध्वस्त झालेले सैनिक हजारोंनी परतू लागले, तेव्हा हॅरॉल्ड गिलिज यांनी सिडकप येथे १९१७ पासून मोठे रुग्णालय चालविले. तेथे पाच हजारांहून अधिक जखमींवर अकरा हजारांवर शस्त्रक्रिया झाल्या. प्रत्येक टप्प्याची चित्रे व छायाचित्रे ठेवली जात, आणि निरनिराळ्या देशांचे तरुण शल्यविशारद तेथे हाताखाली शिकत.

पण शिक्षणाबरोबर ठोकळेबाज नियमही येतात. त्वचेच्या पट्ट्याची लांबी त्याच्या रुंदीपेक्षा जास्त नसावी, चेहऱ्यावर थोडी सूट घ्यावी, असे विद्यार्थ्यांना पुढे कित्येक वर्षे शिकविले जाई. १९७० मध्ये मिल्टन यांनी डुकरांवरील प्रयोगांत दाखविले की नुसती रुंदी वाढविल्याने पट्टा अधिक लांबीपर्यंत जगत नाही. त्यात कोणती रक्तवाहिनी आहे यावर सारे अवलंबून असते. १९७३ मध्ये मॅग्रेगर व मॉर्गन यांनी निश्चित धमनी असलेले पट्टे आणि तशी धमनी नसलेले पट्टे हा भेद स्पष्ट केला. भुवयांच्या आतल्या टोकाजवळून कपाळावर चढणारी धमनी अरुंद देठातही सामावते. पुण्याचे नाक तिच्यावरच जगले असले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर भारतात नागपूरला चित्तूर बालकृष्णन् आणि मुंबईला नोशीर अंटिया यांनी या शाखेच्या अध्यापनाचा पाया घातला. अंटियांनी आपले बरेचसे काम कुष्ठरोग्यांच्या बसलेल्या नाकांवर व वाकड्या झालेल्या बोटांवर केले. तेथे प्रश्न वेगळा होता: बाहेरची त्वचा शाबूत, पण आतले अस्तर व कूर्चा नष्ट झालेली. म्हणून कपाळ न कापता आतून अस्तर घालावे लागे.

अपघाताने किंवा कर्करोगाने नाक गेलेल्या रुग्णासाठी मात्र कपाळाची त्वचा आजही वापरतात. धमनीचा मार्ग ध्वनिलहरींच्या छोट्या उपकरणाने आधी तपासता येतो. देठ साधारणपणे तीन आठवड्यांनी तोडतात. रुग्ण धूम्रपान करणारा असेल, तर सावध शल्यविशारद त्याहून अधिक थांबतो.