🚜 टायर घेताना नाव ऐका, पण टायरही वाचा



कांदा-टोमॅटोची वाहतूक सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो: "पिकअपला कोणत्या कंपनीचा टायर टाकू?"

उत्तर बहुतेकदा ड्रायव्हर मंडळींकडून मिळतं. ते ऐकावंच. टायर किती किलोमीटर चालला आणि किती वेळा रिमोल्ड झाला, हे ते बघतात. आतला सांगाडा मजबूत असेल तरच झिजल्यावर वर पुन्हा रबर चढवता येतं. चार गाड्यांना टायर चांगला लागला की कंपनीचं नाव होतं. भर रस्त्यात दोन फुटले की तेच नाव खाली येतं. पण फुटला तेव्हा माल किती होता अन् हवा किती होती, हे कुणी सांगत नाही.

*मोठ्या नावाचं काय झालं?*
अमेरिकेत १९३० च्या दशकात ट्रॅक्टरची लोखंडी चाकं जाऊन हवेचे रबरी टायर आले. त्यात फायरस्टोन कंपनी पुढे होती. शेतकऱ्यांत तिचं मोठं नाव. पण ऑगस्ट २००० मध्ये याच कंपनीला फोर्डच्या गाड्यांवरचे सुमारे ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. चालत्या गाडीत टायरचा वरचा थर सुटत होता, दोनशेहून जास्त माणसं गेली. फोर्डने २६ पीएसआय हवा सांगितलेली, फायरस्टोनने नंतर ३० भरा म्हटलं. चौकशीत टायरच्या रचनेतही दोष निघाला. म्हणजे नाव मोठं असलं तरी टायर, हवा आणि उष्णता यांचा हिशोब चुकत नाही.

*आपण काय बघायचं?*
✅ *तारीख:* टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. दुकानात पडून राहिलेला जुना टायर "नवा" म्हणून घेऊ नका.
✅ *भार:* बाजूवर भाराचा क्रमांक असतो. १०० म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ८०० किलो.
✅ *हवा:* सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना मोजा. हवा कमी असली की बाजू दबते, टायर तापतो आणि फुटतो.
✅ *ट्रॅक्टर:* शेतात कमी हवेने माती कमी दबते, ते चांगलंच. पण त्याच हवेवर भरलेली ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्याला लागू नका. कंपनीच्या तक्त्याप्रमाणे हवा वाढवा.
✅ *चिरा, फुगवटा:* दिसला तर तो टायर मालाच्या गाडीला नको.

⚠️ मालावर माणसं बसवू नका. टायर फुटला तर माल पुन्हा भरता येतो, माणूस येत नाही.

"ती कंपनी बेकार" असं कुणी म्हटलं तर आधी तीन गोष्टी विचारा: तारीख कोणती, हवा किती, वजन किती?

– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी