स्टार्टरच्या पेटीचं कुलूप अडकलं तर

शंका : आमची मोटर कृष्णाकाठी, धोम धरणाच्या खालच्या अंगाला आहे. पावसाळाभर बंद होती. आता हळदीला पाणी द्यायचंय, तर स्टार्टरच्या पेटीचं कुलूप उघडेना. किल्ली आत जाते, फिरत नाही. शेजारी म्हणतात, ग्राइंडर लावा. लावू का?
– एक शेतकरी, वाई तालुका

समाधान : ग्राइंडर तूर्त बाजूला ठेवा आणि आधी वीज तोडा. ‘आत्ता लाइट नाही’ एवढ्यावर विसंबू नका. पेटीत ऑटो स्विच चालू राहिला असेल, तर लाइट येताक्षणी मोटर आपोआप सुरू होते. मेन स्विच बाहेर असेल तर तो पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि पेटीच्या पत्र्याला टेस्टर लावून बघा. मेन स्विचही त्याच पेटीत अडकला असेल, तर वायरमनकडून डीपीवरून लाइन बंद करून घ्या. स्वतः डीपीला हात लावू नका.

पितळी कुलूप गंजत नाही, हे अर्धंच खरं. अंग पितळेचं असलं तरी दांडी आणि आतल्या बारीक स्प्रिंगा पोलादाच्या असतात. तुमच्याकडच्या पावसात त्या गंजतात, त्यात धूळ बसते. म्हणून गंज सोडवणारा स्प्रे घ्या. दांडी जिथे आत शिरते ती दोन्ही भोकं आणि किल्लीचं भोक, तिन्हीकडे बारीक नळीने मारा. कुलपामागे फडकं धरा, म्हणजे तेल पेटीत जाणार नाही. खोबरेल तेल नको. त्याचा धुळीबरोबर चिकटा होतो. अर्धा तास थांबा, जमलं तर रात्रभर.

मग कुलपाखाली लाकडाचा ठोकळा धरा आणि हातोडीच्या लाकडी मुठीने अंगावर हलके ठोके द्या. ठोकळा अशासाठी, की हादरा पेटीला लागू नये. आत रिले असतो. आता कुलूप वर दाबा, म्हणजे दांडी आत जाईल आणि तिच्या खाचेत रुतलेल्या खिट्टीवरचा ताण सुटेल. तसंच दाबून धरून किल्ली जराशी मागेपुढे करा. बरीच कुलपं इथेच सुटतात. पक्कड लावून किल्ली पिळू नका. ती आत मोडली की काम दुप्पट झालंच.

तरीही हलेना, तर कापायचं. पण काय कापायचं? लोक दांडीच्या मागे लागतात. तिच्यावर ‘हार्डन्ड’ अशी अक्षरं असतील तर हॅक्सॉचं पातं नुसतं घसरतं. त्यापेक्षा पेटीचा कोयंडा बघा. तो बहुधा साध्या लोखंडाचा असतो, दहा मिनिटांत कापला जातो आणि कोणताही वेल्डिंगवाला नवा लावून देतो. बोल्ट कटर मिळाला तर आणखी सोपं.

ग्राइंडरबद्दल माझं मत कडक आहे. मी एक पेटी पाहिली आहे. कुलूप झकास कापलं होतं, पण आत स्टार्टरच्या पॉइंटांवर काळी बारीक पूड बसली होती. ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण, आणि तो वीज वाहून नेतो. नाइलाजच झाला तर दाराच्या फटीत ओलं गोणपाट कोंबा, ठिणग्या पेटीपासून दूर उडतील असा कोन धरा, डोळ्यांना चष्मा लावा. स्प्रे किंवा रॉकेल मारलेल्या कुलपावर तर ग्राइंडर अजिबात नको. दोन्ही पेट घेतात. नंतर पेटी कोरड्या ब्रशने झाडून, वायरमनला दाखवूनच लाइट जोडा.

मीटरच्या पेटीला महावितरणचं सील असतं. त्या पेटीचं कुलूप अडकलं तर कापायचं नाही, त्यांच्या कार्यालयात कळवायचं.

शंका : वाड्यातल्या जुन्या पेटीला आजोबांच्या वेळचं लोखंडी कुलूप आहे. किल्ली हरवली. तोडून टाकू का?
– एक वाचक, वाई

समाधान : तोडू नका. अशी कुलपं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जपून मांडली आहेत. जुन्या कुलपांची माहिती असलेल्या किल्लीवाल्याला पेटीसकट दाखवा. नवी किल्ली बनू शकते.

आणि पंपवाल्या मंडळींना एक विनंती : येत्या मे महिन्यात कुलपात शिसपेन्सिलीच्या शिशाची पूड घाला आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा झाकणासारखा बांधा.