माती स्वतःला कितपत शुद्ध करू शकते?

कारखान्याच्या आवारात सांडलेले रसायन काही वर्षांनी दिसेनासे होते. त्या जागी गवत उगवते आणि काळाने आपले काम केले अशी लोकांची समजूत होते. या समजुतीत तथ्यांश आहे. परंतु काळ स्वतः काहीच करीत नाही. पुष्कळसे काम मातीतील सूक्ष्मजंतू करतात आणि ते त्यांना कितपत साधेल हे मुख्यतः रसायनाच्या रेणूच्या रचनेवर अवलंबून असते. भारतात एके काळी घरोघरी परिचित असलेल्या बीएचसी अथवा गॅमेक्सिन या कीटकनाशकाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे.

मायकेल फॅरडे यांनी १८२५ मध्ये सूर्यप्रकाशात बेंझीन व क्लोरीन यांचा संयोग घडवून हा पदार्थ प्रथम तयार केला. त्यात एकाच सूत्राचे, पण अणूंची मांडणी भिन्न असलेले अनेक समघटक असतात. कीटक मारण्याचा गुण मात्र त्यांपैकी केवळ गॅमा समघटकात, म्हणजे लिंडेनमध्ये असतो. एक टन लिंडेन वेगळे केले की सुमारे आठ ते दहा टन निरुपयोगी समघटक मागे उरतात. अनेक देशांत हा कचरा कारखान्यांच्या आसपासच टाकला गेला.

मातीने या परक्या पदार्थालाही तोंड दिले. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत झालेल्या आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पाण्याखालील मातीतून लिंडेन नाहीसे होते, मात्र ती माती निर्जंतुक केल्यास हा वेग मंदावतो, असे आढळले. हे कार्य सूक्ष्मजंतूंचे होय, हे त्यावरून स्पष्ट झाले. पुढे १९९० मध्ये कटक येथील संशोधकांनी पिकाच्या मुळांलगतच्या मातीतून मिळालेल्या एका जंतूचे वर्णन केले. हा जंतू ऑक्सिजनच्या सान्निध्यातही या रसायनाचे विघटन करतो. त्याच्याजवळ असलेली विशिष्ट विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, रेणूमधील क्लोरीनचे अणू एकेक करून काढून टाकतात.

येथेच रेणूच्या आकाराचे महत्त्व ध्यानात येते. क्लोरीन काढणाऱ्या पहिल्या विकराला रेणूच्या कड्यावर उभा असलेला क्लोरीनचा अणू लागतो. गॅमा समघटकात असे अणू असतात. बीटा समघटकात मात्र सहाही क्लोरीन अणू कड्याच्या कडेने बाहेर पसरलेले असतात. म्हणून त्यावर या विकराचा इलाज चालत नाही. दुसरे एक विकर त्याचे रूपांतर करू शकते, परंतु फार सावकाश. त्यामुळे जुन्या दूषित मातीत बीटाचे प्रमाण तुलनेने वाढत जाते. शिवाय वर्षे लोटतात तसतसे काही रेणू मातीच्या अतिसूक्ष्म छिद्रांत आणि ह्यूमसमध्ये अडकून बसतात व जंतूंच्या आवाक्याबाहेर जातात. म्हणूनच प्रारंभीच्या वेगावरून पुढील काळाचे गणित मांडणे फसवे ठरते.

ज्या ठिकाणी अनेक प्रदूषके एकत्र असतात तेथे प्रश्न अधिक बिकट होतो. भोपाळ येथे २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री झालेल्या वायुदुर्घटनेनंतर बंद पडलेल्या कारखान्याच्या मातीत बीएचसीचे समघटक, क्लोरीनयुक्त इतर संयुगे आणि पारा आढळला. तेथे साठवून ठेवलेला सुमारे ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूर येथे नेण्यात आला व त्याच वर्षी जाळण्यात आला. तथापि कचरा हलविल्याने मातीचा प्रश्न सुटत नाही. पारा हे मूलद्रव्य असल्याने कोणताही जंतू त्याचे विघटन करू शकत नाही. फार तर तो त्याचे रूप बदलतो आणि कधी कधी नवे रूप अधिक विषारी असते.

वरच्या थरातील प्रमाण घटले म्हणजे पदार्थ नष्ट झाला असेही नव्हे. तो हवेत उडून गेलेला असू शकतो किंवा पावसाबरोबर खाली झिरपून विहिरीच्या पाण्यात उतरलेला असू शकतो. भोपाळच्या त्या आवाराभोवतीच्या भूजलातही क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगे आढळली आहेत. म्हणून निसर्गावर विसंबण्यापूर्वी पदार्थाचे विघटन होत आहे की तो केवळ जागा बदलत आहे, याची माती व भूजल यांच्या वर्षानुवर्षे केलेल्या तपासणीने खात्री करून घेणे आवश्यक असते. अशी तपासणी न करता जागा नुसती सोडून देणे हा शुद्धीकरणाचा उपाय नव्हे.