प्यादं देण्याआधी

चि. सई,


गॅम्बिट म्हणजे प्यादं फुकट देणं का, असं तू फोनवर विचारलंस. ते नीट सांगावं म्हणून हे पत्र.

इटालियनमध्ये 'गांबा' म्हणजे पाय. त्यावरून आलेला 'गांबेत्तो' म्हणजे पायात पाय घालून समोरच्याला पाडणं. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूने १५६१ साली बुद्धिबळावरच्या पुस्तकात तो शब्द डावाच्या आरंभीच्या अशा खेळीसाठी वापरला. आता तर वाटाघाटीतल्या पहिल्या हिशेबी खेळीलाही लोक गॅम्बिट म्हणतात. तेव्हा प्यादं द्यायचं ते मोबदल्यासाठी; फुकट देण्याचा इथे प्रश्नच नाही.

पट मांड आणि वजिराचा गॅम्बिट खेळून बघ. पांढरा डी ४, काळा डी ५, पांढरा सी ४. काळ्याने ते प्यादं मारलं की तू ई ३ खेळ. तुझ्या उंटाला वाट मिळते. मिळालेलं प्यादं राखायला काळा बी ५ खेळला, तर तू ए ४. त्याने सी ६ खेळून जोर दिला, तर बी ५ वर प्याद्याला प्यादं मारून घे; काळ्याने सी ६ च्या प्याद्याने ते परत मारलं की वजीर एफ ३ वर आण. कोपऱ्यातला हत्ती माऱ्यात आला! तो वाचवायचा तर काळ्याला घोडा नाहीतर उंट गमवावा लागतो. एका प्याद्याची हाव केवढ्याला पडली बघ.

राजाच्या गॅम्बिटमध्ये प्यादं इतक्या सहज परत मिळत नाही. तिथे मोबदला वेगाचा आणि मोकळ्या एफ पट्टीचा. १८५१ साली लंडनमध्ये अँडरसनने किझेरित्स्कीविरुद्ध हाच गॅम्बिट खेळून पुढे एक उंट, दोन्ही हत्ती आणि वजीरही दिला, आणि मात केली. पण यात आपल्याच राजाची बाजू उघडी पडते, हेही ध्यानात ठेव.

कुणी तुला गॅम्बिट दिला, तर प्यादं घ्यायला भिऊ नकोस; मात्र डाव आवळला जातोय असं दिसलं की ते वेळेत परत करायची तयारी ठेव.

आणि स्वतः देताना मोबदला काय, वेळ, मध्य की मोकळी वाट, हे मनाशी एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं, तर दुसरी चाल शोध. हा विचार मोहऱ्याला हात लावण्याआधीच व्हायला हवा. स्पर्धेत खेळण्याच्या हेतूने हात लावला की ते मोहरं खेळावंच लागतं.

दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या