चार रांगा शेवटपर्यंत चारच राहू देत

पुणे

चि. मृण्मयीस,


वायफायच्या नव्या चिपचा लिनक्स ड्रायव्हर तुझ्याकडे आला, हे वाचून फार आनंद झाला. पण ‘आधी एकाच रांगेवर डेटा चालता करते, प्राधान्याचं नंतर बघू’ हे तुझं वाक्य मला खटकलं. ते काम पुढे ढकलू नकोस. हार्डवेअरच्या रांगा चारपेक्षा कमी आहेत असं ड्रायव्हरने सांगितलं, की मॅक८०२११ हा लिनक्समधला ड्रायव्हरच्या वरचा वायफाय थर ८०२.११एनचे वेग वापरूच देत नाही. म्हणजे प्राधान्य सोडलंस तर वेगही जातो.

२००५ साली वायफायच्या मानकातल्या ८०२.११ई या सुधारणेने आवाज, चित्र, सर्वसाधारण आणि पार्श्वभूमी असे चार वर्ग आणले. हवेत कुणी पोलीस नसतो. हवा मोकळी झाली की प्रत्येक उपकरण ठरावीक वेळ थांबतं आणि मग चिठ्ठी काढल्यासारखे आणखी काही स्लॉट मोजतं. नेहमीची मूल्यं धरली तर ५ गिगाहर्ट्झवर आवाजाचं पॅकेट ३४ मायक्रोसेकंद थांबतं आणि शून्य ते तीन स्लॉट मोजतं. एक स्लॉट नऊ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे पहिल्या प्रयत्नात फार तर ६१. पार्श्वभूमीचं पॅकेट मुळात ७९ मायक्रोसेकंद थांबतं. आवाजाची सर्वांत वाईट चिठ्ठीही पार्श्वभूमीच्या सर्वांत चांगल्या चिठ्ठीच्या आधी निघते. सगळी व्यवस्था या काही मायक्रोसेकंदांवर उभी आहे, आणि ते चिपपर्यंत बिनचूक पोचवणं तुझ्या हातात आहे.

ही मूल्यं ॲक्सेस पॉइंट सांगतो आणि चालू जोडणीतही बदलू शकतो. मॅक८०२११ ती ड्रायव्हरच्या कॉन्फ_टीएक्स या फंक्शनमधून एकेका रांगेसाठी तुला देतं. तिथे दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघ. पहिली, क्रमांक. मॅक८०२११मध्ये शून्य म्हणजे आवाज, एक चित्र, दोन सर्वसाधारण, तीन पार्श्वभूमी. मानकात मात्र शून्य सर्वसाधारण, एक पार्श्वभूमी, दोन चित्र, तीन आवाज. चिपचं फर्मवेअर मानकाचा क्रम पाळत असेल आणि तू आकडा तसाच पुढे ढकललास, तर बॅकअपच्या फाइली आवाजाच्या रांगेत जातील आणि फोनवरचं बोलणं सर्वसाधारण रांगेत. दुसरी, एकक. हवा किती वेळ धरायची ती मर्यादा ३२ मायक्रोसेकंदांच्या एककात येते. ४७ म्हणजे १५०४ मायक्रोसेकंद. चिप थेट मायक्रोसेकंद मागत असेल आणि तू ४७ लिहिलेस, तर त्या रांगेला मिळणारा वेळ नावापुरताच उरेल. अशा चुकांनी काही कोसळत नाही, लॉगमध्ये ओळही येत नाही, म्हणून त्या वर्षानुवर्षं राहतात.

आता मुख्य मुद्दा. चार रांगा आखायच्या आणि खाली बफरचा साठा एकच ठेवायचा, हे टोलनाक्यावर चार लेन आखून पुढे एकच फाटक ठेवण्यासारखं आहे. मोठं अपलोड सगळे डिस्क्रिप्टर अडवून बसतं आणि आवाजाच्या पॅकेटला जागाच उरत नाही. म्हणून प्रत्येक रांगेला स्वतःचा वाटा दे, आणि एक रांग भरली तर तेवढीच थांबव. चारही थांबवणारं फंक्शन हाताशी असलं तरी तिथे वापरू नकोस. रांगा आखूडही ठेव. चिपमध्ये पॅकेटांचा ढीग साचला की त्यांच्यावर कुणाचंच नियंत्रण राहत नाही. हल्ली मॅक८०२११ पॅकेटं वरच थोपवून धरतं आणि एफक्यू-कोडेल पद्धतीने प्रवाहांना आळीपाळीने वाट देतं. ड्रायव्हरने गरजेपुरतीच उचलावीत.

कोणतं पॅकेट कुठल्या वर्गाचं, हे ड्रायव्हरमध्ये ठरवायला जाऊ नकोस. तो निर्णय वरच्या थरात होतो, आणि तिथेही सोपा नाही. इंटरनेटवरच्या आवाजाच्या पॅकेटवरची नेहमीची खूण (डीएससीपी) ४६. तिचे वरचे तीनच बिट घेतले तर प्राधान्याचा आकडा पाच येतो आणि आवाज चित्राच्या रांगेत पडतो. २०१८च्या आरएफसी ८३२५ने ही खूण सहावर, म्हणजे आवाजात, न्यायला सांगितलं आणि लिनक्सनेही पुढे ते स्वीकारलं. ही दुरुस्ती एका जागी झाली म्हणून सगळ्या ड्रायव्हरना मिळाली. ज्यांनी आपापलं वर्गीकरण लिहिलं असेल, त्यांना ती मिळत नाही.

आपला आकडा चांगला दिसावा म्हणून सगळंच आवाजाच्या रांगेत घालण्याचा आग्रह कुणी धरला, तर ठाम नकार दे. तिथे पहिल्या प्रयत्नाला चारच स्लॉट आहेत; पुष्कळजण घुसले की टकरा वाढतात आणि खरं बोलणारा माणूसच अडकतो.

चाचणी अशी कर. आयपर्फने सर्वसाधारण वर्गात भरपूर भार टाक, सोबत पिंगला क्यू पर्याय देऊन १८४ ही किंमत (म्हणजे वरचीच ४६ची खूण, दोन बिट सरकवून) लाव, आणि दुसऱ्या मशीनवर मॉनिटर मोडमध्ये फ्रेम पकड. क्यूओएस कंट्रोलमधला टीआयडी, म्हणजे तोच प्राधान्याचा आकडा, बघ, मग भार असताना आणि नसताना पिंगचा वेळ ताडून बघ. ड्रायव्हरने छापलेल्या ओळीवर विसंबू नकोस. हवेत जे गेलं तेच खरं.

खेडेगावातल्या कुणाची डॉक्टरांशी व्हिडिओवर भेट चालू असताना त्याच घरात मुलाचा फोन अपडेट होत असतो. त्या दोघांचंही काम नीट व्हावं एवढंच आपल्याला साधायचं आहे. पहिला पॅच पाठवण्याआधी चारही रांगांची मोजणी त्यासोबत जोड, आणि मलाही पाठव. मी ओळ न् ओळ वाचेन.

तुझा,
सदामामा