न खाजणारा चट्टा आणि बुडणारी मजुरी

त्वचारोगाने माणूस सहसा दगावत नाही, म्हणून घरात तो आजार धरलाच जात नाही. ताप आला की माणूस अंथरूण धरतो. चट्टा उठला तर "होईल बरा" म्हणत कामावर जातो. सूर्यमाळ, खोडाळा, मोखाडा, जव्हार या पट्ट्यात बहुतेकांचे पोट हातापायांवर आहे. पावसाळ्यात भाताची आवणी आणि नागली, दिवाळीनंतर भिवंडी, वसई, वाड्याकडच्या वीटभट्ट्या. भट्टीवर हजार विटांमागे मजुरी मिळते आणि नवरा-बायकोने जोडीने घेतलेली उचल त्यातूनच फेडायची असते. एकाचा हात थांबला की दोघांची मजुरी घटते आणि फिटली नाही ती उचल पुढच्या वर्षावर जाते.

जांघेतला, कमरेवरचा नायटा निदान खाजतो तरी. रात्रीची झोप जाते, दिवसा काम रेंगाळते, मग माणूस दुकानातून मिश्र मलमाची ट्यूब आणतो. त्यात बहुधा स्टिरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, नायटा मात्र पसरतच राहतो. अशी स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ साली झाला. तरी ट्यूब मिळतेच, हे वाचकांना सांगायला नको.

खरा घात करतो तो न खाजणारा, न दुखणारा चट्टा. फिकट किंवा तांबूस, त्यावर घाम नाही, स्पर्श कळत नाही. डोळे मिटायला सांगून कापसाच्या बोळ्याने स्पर्श करून पाहावे. कळला नाही तर तो कुष्ठरोग असण्याची शक्यता मोठी. पालघर हा महाराष्ट्रातील या रोगाचे प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांपैकी आहे. दुखत नाही म्हणून मजूर थांबत नाही. भट्टीतली गरम वीट बधिर बोटे सोडत नाहीत, विडी बोटापर्यंत जळत येते, कुदळीच्या दांड्याने फोड येतो आणि तो चिघळतो. मज्जातंतू गेला की बोटे वाकतात. मग विटा थापणे संपले.

हे सारे टळते. बहुविध औषधोपचार १९८२ पासून उपलब्ध आहे, सरकारी दवाखान्यात मोफत, प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने. उपचार सुरू होताच संसर्ग पसरण्याचा धोका झपाट्याने कमी होतो, म्हणजे कामावरून काढण्याचे कारण उरत नाही. अडचण येते ती दिवाळीत. गोळ्या सुरू असतात आणि बिऱ्हाड भट्टीवर निघते. अशा वेळी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात सांगून गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्यावीत. एक पाकीट २८ दिवसांचे असते. पुढचे उपचार भट्टीजवळच्या सरकारी केंद्रातही घेता येतात. लघवी लाल झाली किंवा कातडी काळवंडली तर घाबरू नये, तो गोळ्यांचा परिणाम आहे. लोक काय म्हणतील म्हणून कित्येक जण नेमके इथेच औषध सोडतात. उपचार संपल्यावर रंग हळूहळू उतरतो. मात्र कोपरात कळ, बोटात अशक्तपणा किंवा डोळा लाल वाटला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कायद्याने काही दिले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्ती येतात, आणि नोकरीत असताना अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही. राज्य विमा योजनेतील कामगाराला या रोगात, अटी पूर्ण असल्यास, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मजुरी मिळू शकते. उचलीवर गेलेल्या मजुराला यातले काहीच नाही. त्याचा विमा म्हणजे त्याचे हात.

ज्यांचे हात-पाय आधीच बधिर आहेत त्यांनी दांड्याला, घमेल्याच्या कडेला जाड फडके गुंडाळावे. रोज संध्याकाळी हातपाय वीस मिनिटे पाण्यात भिजवून तेल लावावे आणि फोड, भेग दिसते का ते उजेडात पाहावे. पायांसाठी मऊ रबराच्या खास चपला सरकारी दवाखान्यातून मोफत मिळतात. घरातल्या इतरांनाही तपासून घ्यावे. निरोगी आढळल्यास त्यांना रोग टाळण्यासाठी औषधाची एकच मात्रा देतात. ही तपासणी बिऱ्हाड हलण्यापूर्वी, दिवाळीच्या आधीच उरकावी.