कोपराची शस्त्रक्रिया आणि जखमेची निगा

कृष्णाकाठच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत उसाने भरलेल्या वाहनावरून पडून, पावसात दुचाकी घसरून अथवा शाळेच्या पटांगणात हातावर आपटून कोपराचे हाड मोडल्याची उदाहरणे घडतात. शस्त्रक्रियेची परंपरा या भागाला नवी नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि १९६२ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे जिल्हा रुग्णालय आहे. तथापि, शस्त्रक्रिया शहरात झाली तरी रुग्ण काही दिवसांतच घरी परततो आणि जखम भरते ती गावात. त्या दोन-तीन आठवड्यांतील निगेवर कष्टकऱ्याच्या हाताचे भवितव्य अवलंबून असते.

जखम का चिघळते?

मांडीच्या हाडाभोवती स्नायूंचे जाड आवरण असते. कोपराच्या मागच्या टोकाला मात्र कातडीखाली लगेच हाड लागते. मोडलेले हाड जोडण्यासाठी तेथे बसविलेली तार किंवा धातूची पट्टी केवळ पातळ त्वचेने झाकलेली राहते. अपघाताने ही त्वचा आधीच सुजलेली असते. कोपर वाकविताच ती ताणली जाते आणि खाटेवर किंवा मेजावर कोपर टेकल्यास दाबली जाते. आत रक्त साचले अथवा जंतुसंसर्ग झाला, तर जखमेच्या कडा सुटतात. जंतू धातूपर्यंत पोहोचले की तेथे चिकट थर तयार करून राहतात व केवळ गोळ्यांनी हटत नाहीत. अनियंत्रित मधुमेह आणि निकृष्ट आहार यांमुळे जखम भरण्यास विलंब लागतो. तंबाखू, मिसरी व विडीतील निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात.

निगा कशी राखावी?

पट्टी कोरडी ठेवावी व ती प्रशिक्षित व्यक्तीकडूनच बदलून घ्यावी. सांगलीची हळद सर्वदूर प्रसिद्ध आहे. परंतु टाक्यांवर हळद, तेल, राख किंवा झाडपाल्याचा लेप लावू नये. कोपर चोळणे टाळावे. टाके साधारणतः दोन आठवड्यांनी काढतात, तरी दिवस डॉक्टरांनीच ठरवावा. लहान मुलांच्या कोपरातील तारांची टोके पुष्कळदा कातडीबाहेर ठेवलेली असतात. ती ओढू अथवा भिजवू नयेत.

जखमेच्या भीतीने हात अनेक आठवडे गळ्यात अडकवून ठेवणेही हितावह नाही. कोपर लवकर आखडते आणि मग घास तोंडापर्यंत नेणेही कठीण होते. विश्रांती किती व हालचाल केव्हा, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

धोक्याची लक्षणे

वेदना कमी होण्याऐवजी वाढणे, लाली पसरणे, ताप, पू किंवा सतत पाझरणारे पाणी, उसवलेले टाके अथवा दिसणारी तार ही लक्षणे आढळताच रुग्णाने त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बोटे थंड, फिकट वा बधिर पडली आणि वेदना असह्य झाल्या, तर क्षणाचाही विलंब करू नये. वेळीच जखम धुऊन योग्य औषध दिल्यास हाड जुळेपर्यंत धातू जागेवर ठेवणे बहुधा शक्य होते. उशीर झाल्यास पुन्हा शस्त्रक्रिया, प्रसंगी दुसऱ्या जागेची त्वचा आणून जखम झाकणे, एवढाच मार्ग उरतो.

गावाची जबाबदारी

रुग्ण परतल्याचे कळताच आशा कार्यकर्तीने त्याच्या घरी भेट द्यावी, पंचायत सदस्यांनी फेरतपासणीसाठी वाहनाची सोय पाहावी आणि शिक्षकांनी जखमी विद्यार्थ्याची पट्टी कोरडी आहे ना, याकडे लक्ष ठेवावे. खर्चाच्या धास्तीने रुग्ण घरीच थांबत असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राकडे चौकशी करण्यास त्याला सांगावे. शल्यचिकित्सकाने जोडलेले हाड गावाच्या दक्षतेनेच सुरक्षित राहते. कोयता, खडू अथवा लेखणी धरणारा हात पुन्हा कामाला लागणे, हेच या दक्षतेचे फळ होय.